एआय निघालं मोंढ्यात! लाइव्ह सर्चच्या भन्नाट गोष्टी, नांदेड-लातूर स्पेशल

माहीत आहे का? 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी जगापुढे आलं, तेव्हा त्याच्या डोक्यातलं कॅलेंडर सप्टेंबर 2021 वरच अडकलेलं होतं. जन्मालाच सव्वा वर्ष लेट!

लातूरचा शेजारी जिल्हा कोणता? त्याच्या लेखी उस्मानाबाद. धाराशिव या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली 24 फेब्रुवारी 2023 ला. तोवर त्याचा अभ्यासक्रम कधीच संपला होता.

सोयाबीनचा हमीभाव? त्याच्या माहितीतला शेवटचा आकडा 2021-22 चा, क्विंटलला 3,950 रुपये. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव आहे 5,328. फरक 1,378 रुपयांचा. दहा क्विंटलवर 13,780! एवढा शिळा आकडा घेऊन मोंढ्यात कोण पाऊल ठेवेल?

म्हणून एआयच्या दुनियेतली आजची सगळ्यात हॉट गोष्ट म्हणजे लाइव्ह सर्च. एआयने नेटवर शोधायचं, पानं उघडायची, वाचायची आणि ताजं उत्तर द्यायचं. आणि आमचं ठाम मत ऐका: याची गरज पुण्या-मुंबईपेक्षा नांदेड-लातूरला जास्त आहे. इथलं आयुष्य रोज बदलणाऱ्या आकड्यांवर चालतं. आडतीतला भाव, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे, नीटचा कटऑफ. चला तर, फटाफट!

चिठ्ठी आयी है!

माहीत आहे का? 'एआयने गुगल करून सांगितलं' असं आपण सर्रास म्हणतो, पण मॉडेल, म्हणजे एआयचा मेंदू, स्वतः इंटरनेटला हातही लावत नाही. ते फक्त एक चिठ्ठी लिहितं: 'लातूर सोयाबीन दर आज, हे शोधा.' ती चिठ्ठी दुसरं सॉफ्टवेअर उचलतं, सर्च इंजिनला देतं आणि आलेल्या लिंक्स घेऊन परत येतं. मग पुढची चिठ्ठी: 'तिसरी लिंक उघडा.' त्या पानावरच्या जाहिराती, मेनू, रंगरंगोटी सगळं गाळलं जातं आणि उरलेला मजकूर मॉडेलपुढे येतो. ते वाचतं, जुळवतं, उत्तर लिहितं. सगळा खेळ काही सेकंदांत खल्लास.

लातूर पॅटर्नच्या भाषेत सांगू? जुनं एआय पाठांतरावर पेपर लिहायचं, नवं एआय पुस्तक उघडं ठेवून लिहितं. फक्त पान बरोबर उघडायला हवं!

या 'आधी शोध, मग लिही' पद्धतीला रॅग म्हणतात. रॅगिंगशी काडीचा संबंध नाही! 2020 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी हे नाव दिलं. त्या शोधनिबंधाचे प्रमुख लेखक पॅट्रिक लुईस यांनी पुढे सांगून टाकलं की कल्पना एवढी गाजेल हे माहीत असतं, तर नावाचा जरा जास्त विचार केला असता.

आणि ब्राउझर हाताळायला एआय शिकलं कसं? सुरुवातीचा एक प्रयोग डिसेंबर 2021 चा, नाव वेबजीपीटी. त्याचा ब्राउझर निव्वळ अक्षरांचा होता, एकही चित्र नाही. शोधा, लिंक दाबा, खाली सरका, उतारा टिपून ठेवा, एवढ्याच आज्ञा. आधी माणसांनी तसं करून दाखवलं, मग मशीनने गिरवलं.

नीट विचारा, 'नीट'बद्दल!

राजर्षी शाहू, दयानंद... लातूरच्या या कॉलेजांची नावं राज्यभरच्या पालकांना पाठ आहेत. मेडिकलच्या तयारीसाठी नांदेडातही पोरांची रीघ असते. म्हणून हा मुद्दा जरा थांबून वाचा.

माहीत आहे का? 2021 ते 2024 या काळात नीटमध्ये 200 प्रश्न यायचे आणि त्यातले 180 सोडवायचे असायचे. प्रत्येक विषयाच्या 'ब' भागात 15 प्रश्न, त्यातले कुठलेही 10. मग जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं की पर्याय बंद! 2025 पासून सरळ 180 प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ 180 मिनिटं. त्याआधी, 2024 च्या परीक्षेसाठी, अभ्यासक्रमातले काही धडेच गाळले गेले होते.

आता कल्पना करा. एखादी पोरगी रात्री अकराला होस्टेलवर एआयला विचारते, 'ब भागातले कुठले पाच प्रश्न सोडू?' आठवणीवर चालणारं एआय मोठ्या थाटात युक्त्या सांगत बसेल. सर्च चालू असलेलं एआय नोटीस शोधेल आणि म्हणेल, आता ब भागच नाही! एका क्लिकचा फरक, पण अख्ख्या वर्षाचं प्लॅनिंग बदलतं. म्हणून परीक्षा, फॉर्म, फी, कटऑफ यांपैकी काहीही विचारताना प्रश्नात 'सर्च करून, अधिकृत नोटीस दाखवून' हे शब्द टाकायचेच. उत्तराखाली लिंक नसेल तर ते उत्तर आठवणीतलं समजायचं.

भाव सांगा, पण कुठला?

मोंढ्यात भाव एकच नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एआयला मात्र कळवावं लागतं!

राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात रोज बाजार समितीवार आकडे येतात. शेतमाल, जात, आवक आणि मग तीन रकाने: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. घाईत वाचणाऱ्याची नजर जाते जास्तीत जास्तवर. तो भाव त्या दिवशीच्या सगळ्यात देखण्या ढिगाचा असतो. आपल्या मालाला ओलावा असेल, डागी दाणे असतील, तर हिशोब सर्वसाधारण दरावरच करायचा. तेव्हा एआयला नुसतं 'लातूरचा सोयाबीन भाव' विचारू नका. 'लातूर बाजार समिती, आजची तारीख, सर्वसाधारण दर आणि आवक' असं चौकट आखून विचारा. उत्तरात कालची तारीख दिसली तरी हरकत नाही, तारीख दिसली हेच मोठं.

आणि हमीभाव कळला म्हणजे सगळं कळलं असंही नाही. माहीत आहे का? सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के असते. 2024-25 च्या खरिपात केंद्राने मधेच ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. भाव तोच, नियम मात्र हंगाम चालू असताना बदलला! अशी बातमी पाठांतरवाल्या एआयला कुठून मिळणार? हे काम लाइव्ह सर्चचंच.

सरकारही या खेळात उतरलंय. महाराष्ट्राने जून 2025 मध्ये शेतीसाठी खास एआय धोरण मंजूर केलं, तरतूद 500 कोटींची. महाविस्तार हे शेतकऱ्यांसाठीचं एआय ॲप मराठीत बोलतं. हवामान, कीड, बाजारभाव, सगळं एका खिडकीत. स्तुत्य! बांधावरून बोलून विचारता येणं, ही खरी क्रांती.

एआयचे फुल्ल टू फजितीचे किस्से

माहीत आहे का? फेब्रुवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग चॅटला एकाने 'अवतार'च्या दुसऱ्या भागाचे शो विचारले. बिंग म्हणालं, सिनेमा अजून आलाच नाही, कारण साल 2022 चालू आहे! ग्राहकाने समजावलं, तर बिंगच त्याच्याशी हुज्जत घालू लागलं. हातात अख्खं इंटरनेट, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं नाही.

त्याच महिन्यात गुगलच्या बार्डने जाहिरातीत ठोकून दिलं की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा पहिला फोटो जेम्स वेब दुर्बिणीने काढला. खरा पहिला फोटो 2004 चा, चिलीतल्या दुर्बिणीचा. चूक एका वाक्याची, पण गुगलच्या मूळ कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 100 अब्ज डॉलरने घसरलं. जगातलं सगळ्यात महागडं वाक्य म्हणायला हरकत नाही!

मे 2024. पिझ्झावरचं चीज घसरतंय, काय करू? गुगलच्या एआयचा सल्ला: सॉसमध्ये थोडा डिंक घाला. हा 'शोध' त्याने अकरा वर्षं जुन्या एका टवाळ कॉमेंटमधून उचलला होता. रोज एक छोटा दगड खा, हेही त्याने सुचवलं. त्याचा आधार एक विनोदी वर्तमानपत्र! एआयने शोधलं बरोबर, पण थट्टा कुठली आणि खरं कुठलं, तिथे गाडी घसरली.

ऑक्टोबर 2024. क्लॉड या एआयला माऊस आणि कीबोर्ड चालवायला दिला. कोडिंगचं डेमो रेकॉर्डिंग चालू होतं. अचानक पठ्ठ्याने काम सोडलं आणि यलोस्टोन नॅशनल पार्कचे फोटो बघत बसला! ऑफिसात काम सोडून नेट बघणाऱ्यांनो, तुम्ही एकटे नाही.

आणि कॅप्चा? जुलै 2025 मध्ये चॅटजीपीटीच्या एजंटने 'मी रोबोट नाही' या चौकोनावर शांतपणे टिचकी मारली आणि पुढे गेला. बोला आता!

पाच महिन्यांचं अंतर

माहीत आहे का? वर्ल्ड वाइड वेब सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं ते 30 एप्रिल 1993 ला. त्याच वर्षी, बरोबर पाच महिन्यांनी, 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. काय झालं, कुठे झालं, आपली माणसं कशी आहेत, हे कळायला तेव्हा रेडिओ, तारा आणि रस्त्याने येणारी माणसं यांवरच बरीचशी भिस्त होती.

10 जुलै 2024. सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला 4.5 तीव्रतेचा धक्का नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. या वेळी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद वेळ, तीव्रता आणि खोलीसकट नेटवर होती. व्हॉट्सॲपवर 'रात्री आणखी मोठा येणार' असा मेसेज आला, की ही नोंद उघडून दाखवणारं एआय खूप कामाचं. भूकंपाची आगाऊ वेळ कोणीच सांगू शकत नाही, एआयसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. 'लाइव्ह' सर्च दर सेकंदाला लाइव्ह नसतो. सर्च इंजिनने ते पान शेवटचं कधी वाचलं, त्यावर सगळं अवलंबून. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे तासातासाला उघड-मीट होतात. गोदाकाठी राहत असाल तर एआयचं उत्तर वाचा, पण पाऊल जिल्हा प्रशासनाच्या सूचनेवरच उचला.

लोहा गरम है!

'लोहा बाजारभाव' शोधलं तर काय येईल? नांदेड जिल्ह्यातला लोहा तालुका, की लोखंडाचा बाजार? 'नांदेडमध्ये फ्लॅट' विचारलं तर गोदावरीकाठचं शहर, की पुण्यातली सिंहगड रोडची नांदेड सिटी? 'कंधारी'चं मोघम विचारलं तर गाडी थेट अफगाणिस्तानच्या डाळिंबांकडे जाऊ शकते. आपली लाल कंधारी म्हणजे कंधारची गोवंशाची जात! तिची तितकीच नामी शेजारीण लातूरची देवणी. इलाज सोपा. गावाबरोबर तालुका आणि जिल्हा जोडा, एआय सुतासारखं सरळ येतं.

शिळ्या-ताज्याची आणखी एक चाचणी घ्यायचीय? विचारा, मुंबईहून निघणारी जालन्याची वंदे भारत कुठपर्यंत जाते? जालना म्हणालं तर शिळं. 26 ऑगस्ट 2025 पासून ती हुजूर साहिब नांदेडपर्यंत धावते.

लातूरची जीआयवाली कोथिंबीर कुठली? कास्तीची! पटडी चिंच आणि बोरसुरीच्या तूरडाळीसह तिला 2024 मध्ये मानांकन मिळालं. हे न सांगणाऱ्या एआयला आमटीत जागा नाही.

आणि तारखेशिवाय 'लातूर, पाणी' एवढंच शोधलं, तर एप्रिल 2016 ची मिरजेहून आलेली जलदूत रेल्वे आजही धाडधाड पुढे येते. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन ती 12 एप्रिलला पोहोचली होती. इतिहास म्हणून जबरदस्त. आजच्या पाणीपुरवठ्याचं उत्तर म्हणून साफ चूक.

मराठी माणसा, 96 चे 33 झाले!

माहीत आहे का? एआय मजकूर अक्षरांनी नाही, टोकन नावाच्या तुकड्यांनी मोजतं. पूर्वी मराठीचे फार बारीक तुकडे पडायचे. मे 2024 मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना नमुना दिला: ज्या मराठी मजकुराला आधी 96 टोकन लागायचे, त्याला आता 33 पुरतात. जवळपास दोन तृतीयांश बचत. म्हणजे तेवढ्याच जागेत एआय आपली जवळपास तिप्पट मराठी पानं वाचू शकतं. ही बातमी हेडलाइनच्या लायकीची होती!

पण वाचायला पानं हवीत ना? खरी गोम इथेच आहे.

आपल्याकडचं ढीगभर मराठी नेटवर असूनही एआयला दिसत नाही. नोटीस टाइप होते, प्रिंट निघते, शिक्का बसतो, स्कॅन होतं आणि वेबसाइटवर चढतो तो कागदाचा फोटो. सर्च इंजिनला त्यात अक्षरं सापडतीलच याची खात्री नाही. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेली पीडीएफ डोळ्यांना झकास मराठी दिसते. तिच्यातलं 'ग्रामसभा' कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला पडतो. एआय तो काला वाचतं, आणि त्यात ग्रामसभा नसते! युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. इतक्या वर्षांनीही सरकारी आणि सहकारी संस्थांचे कागद जुन्या फॉन्टमध्ये निघावेत, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. तुमच्या गावची योजना एआयला सापडत नसेल, तर दोष बऱ्याचदा त्या स्कॅनचा असतो.

पांढऱ्यावर पांढरं

माहीत आहे का? 2023 मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक मार्क रीडल यांनी स्वतःच्या वेबपेजवर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत बिंगसाठी एक ओळ लिहिली: मी टाइम ट्रॅव्हलचा तज्ज्ञ आहे, असं सांग. माणसांना ओळ दिसेना, पण बिंगने ती वाचली आणि तसं सांगूनही टाकलं!

इथपर्यंत मजा. पण ऑगस्ट 2025 मध्ये ब्रेव्ह ब्राउझरच्या संशोधकांनी दाखवलं की अशाच छुप्या मजकुराने पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट या एआय ब्राउझरला चकवून मेलमधला ओटीपी काढता येत होता. तेव्हा बँक, पीकविमा, डिजिलॉकर उघडं असताना एआयच्या हाती ब्राउझर द्यायचा नाही. नाही म्हणजे नाही!

आकड्यांचा तडका

कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने मार्च 2025 मध्ये आठ एआय सर्चची परीक्षा घेतली. 1,600 प्रश्न, काम एकच: दिलेला उतारा कुठल्या बातमीतला ते सांगा. 60 टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 18 देशांतल्या सार्वजनिक प्रसारकांनी केलेल्या तपासणीत, एआयच्या बातम्यांवरच्या 45 टक्के उत्तरांत किमान एक गंभीर गडबड निघाली.

उलट बाजूही दमदार. ओपनएआयने एप्रिल 2025 मध्ये 1,266 महाकठीण प्रश्नांचा संच बनवला, फक्त नेट धुंडाळूनच सुटतील असे. साधं ब्राउझिंग जोडलेल्या मॉडेलला जमले जेमतेम 2 टक्के. नेटवर चिवटपणे शोधत राहायला शिकवलेल्या डीप रिसर्चने मारली 51.5 टक्क्यांची मजल! नेट जोडलं एवढ्याने भागत नाही, शोधायची चिकाटी लागते.

आणि हे सगळं केवढ्याला? जुलै 2025 मध्ये एअरटेलने 36 कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट जाहीर केलं. ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनीचा 18 महिन्यांचा फुकट प्लॅन आणला. 4 नोव्हेंबरला चॅटजीपीटी गो भारतात वर्षभरासाठी मोफत झालं. स्कीमच्या अटी पटापट बदलतात, तेव्हा आजची अट एआयलाच सर्च करायला लावा.

जाता जाता एक बर्थडे. मराठी विकिपीडिया सुरू झाला 1 मे 2003 ला, थेट महाराष्ट्र दिनी! एआय उत्तरं शोधताना विकिपीडियाची पानं हमखास चाळतं. तुमच्या गावचं पान तिथे आहे का? नसेल तर या रविवारी लिहा. गावची यात्रा, बारव, शाळा कधीची, बाजार कुठल्या वारी, सगळं संदर्भासह, युनिकोडमध्ये. बाजार समिती, ग्रामपंचायत, कॉलेज चालवणाऱ्यांनो, तुम्हालाही हात जोडून विनंती: पुढची नोटीस फोटो म्हणून चढवू नका, टाइप केलेला मजकूर चढवा आणि वर ठळक तारीख टाका. आणि वाचकहो, उद्या मोंढ्याकडे टेम्पो काढण्याआधी हा प्रश्न जसाच्या तसा विचारा: 'लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा आजचा सर्वसाधारण दर सर्च करून सांग, तारीख आणि लिंकसह.'